शेवटच्या रात्री किती हात वर गेले, हे मोजणं थांबवा

दर उन्हाळ्यात ख्रिस्ती युवा शिबिरं आटोपली की एक वाद ठरल्यासारखा उकरून काढला जातो. आयोजकांचे अहवाल येतात: इतके तरुण आले, शेवटच्या रात्री इतक्यांनी प्रभूला जीवन दिलं, इतक्यांनी पूर्णवेळ सेवेसाठी नाव नोंदवलं. त्यावर टीकाकार म्हणतात, की पाच दिवस घरापासून लांब ठेवून, फोन काढून घेऊन, अर्धवट झोपेत, गाण्यांच्या भरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडून काहीही वदवून घेता येतं. याला श्रद्धा कशाला म्हणायचं? मग आयोजक टीकाकारांना अल्पविश्वासी ठरवतात आणि टीकाकार आयोजकांना भोंदू. इतकी हमरीतुमरी होऊनही दोन्ही बाजू भांडत असतात एकाच प्रश्नावर: ते अश्रू खरे होते की खोटे? तरुणांच्या श्रद्धेविषयी कळकळ असणाऱ्याने या प्रश्नात अडकू नये. दुसऱ्याच्या अश्रूंचा खरेखोटेपणा बाहेरून ठरवता येत नाही. आणि समजा ठरवता आला, तरी ते मूल पुढच्या वर्षी प्रार्थना करत असेल की नाही, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

माझी भूमिका अशी. ख्रिस्ती शिबिर ही जपावी अशी चांगली गोष्ट आहे, पण तिचं मोल शेवटच्या रात्रीवरून ठरत नाही. श्रद्धा तिथे रुजते ती एकत्र राहण्यातून, एकत्र राबण्यातून, भांडून पुन्हा समेट करण्यातून. म्हणून शिबिराची पारख दोन ठिकाणी करावी: त्याच्या रोजच्या दिनक्रमात, आणि त्या तरुणाला परत आपल्यात घेणाऱ्या स्थानिक मंडळीत, म्हणजे गावातल्या चर्चच्या समुदायात. ज्या शिबिरामागे मंडळी उभी नाही, ते जितकं प्रभावी तितकं त्या तरुणाच्या श्रद्धेला धोक्याचं. हे विधान अनेकांना टोकाचं वाटेल, म्हणून नीट मांडतो.

आधी टीकाकारांचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करू. शेवटच्या रात्रीची बांधणी कशी असते हे जाणत्या आयोजकांना ठाऊक असतं. सभा आठला सुरू होते. पाऊण तास गाणी, आधी जोशाची, मग संथ होत जाणारी. मग एखाद्या तरुणाची साक्ष, बहुधा व्यसनातून, घरातल्या भांडणातून किंवा एकटेपणातून बाहेर पडल्याची. मग संदेश. तो संपत आला की कीबोर्ड वाजवणारा हळूच जागेवर येऊन बसतो आणि तेच तीन-चार कॉर्ड्स पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. दिवे मंद होतात. ‘सगळ्यांनी डोळे मिटा, कुणी इकडेतिकडे पाहू नका, ज्याला वाटतं त्याने फक्त हात वर करा.’ हात वर गेले की पुढची पायरी: ‘ज्यांनी हात वर केले त्यांनी उभं राहा.’ आणि मग: ‘आता पुढे या.’ प्रत्येक पायरीसरशी पुढे जाणं सोपं होतं आणि माघार घेणं अवघड. गटांचे दादा-ताई आधीच पुढे जाऊन उभे असतात, त्यामुळे मुलांना वाटतं की रांग लागली. आवाहन एकदा करून संपत नाही. ‘अजून कुणीतरी एक जण आहे, मला जाणवतंय,’ असं म्हणत ते वीस-पंचवीस मिनिटं लांबतं. जो बसून राहतो त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत जातात. सोळा वर्षांच्या मुलाला त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून राहायला जेवढं धैर्य लागतं, तेवढं पुढे जायला लागत नाही.

त्यात अपुऱ्या झोपेची भर. १३ ते १८ वयाच्या मुलांनी रोज आठ ते दहा तास झोपावं, असं झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. शिबिरात रात्रीची सभा साडेदहाला संपते, मग गटचर्चा, मग अंथरुणावर पडल्या पडल्या कुजबुज. प्रत्यक्ष डोळा लागतो साडेबाराला, आणि शांतवेळेची, म्हणजे एकट्याने प्रार्थना करण्याच्या वेळेची, घंटा होते सहाला. साडेपाच तास झोप. असं चार रात्री चाललं की कमीत कमी दहा तासांची झोप बुडालेली असते. दमलेलं मूल लवकर रडतं, लवकर भारावतं, लवकर हो म्हणतं. आयोजक हे मुद्दाम करतात असं नाही. कार्यक्रम भरगच्च करण्याच्या उत्साहात ते होऊन जातं. पण परिणाम तोच. अशा अवस्थेतल्या अल्पवयीन मुलाची साध्या कागदावरही आपण सही घेणार नाही. मग आयुष्यभराचा निर्णय नेमका याच घटकेला का मागावा?

एवढं मान्य केल्यावर टीकाकार जिंकले का? नाही. बांधणी सदोष होती एवढ्यावरून अनुभव खोटा ठरत नाही. माणसं दुःखात, आजारपणात, थकून गेल्यावर देवाकडे वळतात. कितीतरी स्तोत्रं रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाची आहेत. हा प्रश्न सचोटीने हाताळला तो पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी. १७३४-३५ मध्ये अमेरिकेत नॉर्थॅम्प्टनला त्यांच्याच मंडळीत मोठी जागृती, म्हणजे श्रद्धेची सामूहिक लाट, आली, काही वर्षांनी तशीच लाट इतर वसाहतींत पसरली, आणि त्यांना तिची दोन्ही रूपं पाहायला मिळाली: आयुष्य पालटलेली माणसं, आणि लाट ओसरल्यावर कोरडीठाक पडलेली माणसं. धार्मिक भावनांवर त्यांनी १७४६ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्याचा गाभा असा, की भावना उफाळून आली, अंग थरथरलं, शास्त्रवचनं आपोआप आठवली, यांपैकी कशावरूनही तो देवाचा स्पर्श होता असं ठरत नाही, आणि नव्हता असंही ठरत नाही. त्यांनी सांगितलेल्या बारा खुणांपैकी शेवटची खूण म्हणजे आचरण, आणि तिच्यावर ते सर्वांत जास्त थांबतात. आचरणाला वेळ लागतो आणि त्याला दुसरी माणसं लागतात. क्षमा करायची तर ज्याने दुखावलं तो समोर असावा लागतो. धीर धरायचा तर धीर संपवणारा कुणीतरी शेजारी राहावा लागतो. म्हणजे एडवर्ड्स यांची कसोटी मनापासून लावायची तर ती शिबिराच्या मांडवात लावताच येत नाही.

आता आयोजकांची बाजू. ती टीकाकार समजतात तितकी लेचीपेची नाही. ते म्हणतात, शुभवर्तमान हे मुळात आवाहनच आहे. झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराला येशूने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दिला नाही, त्वरा करून खाली ये म्हटलं. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या, एका दिवसात सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथे सुवार्तिक ड्वाइट मूडी यांच्या शिबिरात २५१ विद्यार्थी जमले आणि त्यातल्या शंभर जणांनी परदेशी मिशनकार्याला वाहून घ्यायची तयारी दाखवली; जगभरच्या मिशनच्या इतिहासाला त्यातून वळण मिळालं. ज्या घरात कुणी प्रार्थना करत नाही, तिथल्या मुलाला आवाहन ऐकण्याची ही एकच संधी असेल, तर ती पातळ का करायची?

ही सगळी उदाहरणं मला मान्य आहेत. फक्त प्रत्येकाचं पुढचं पान उलटून पाहावं. जक्कय झाडावरून उतरला तो थेट घरी गेला, आणि त्याच्या तारणाचा पुरावा त्याच्या हिशेबाच्या वहीत दिसला: अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट परत. म्हणजे ज्या गावात त्याची दुष्कीर्ती होती त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांपुढे. पेन्टेकॉस्टच्या तीन हजारांची गोष्ट त्या वाक्यावर संपत नाही. पुढचंच वाक्य सांगतं की ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले. आणि माउंट हर्मनचे विद्यार्थी जवळजवळ महिनाभर एकत्र राहिले होते. पहिल्या आठवड्यांत तयार झालेले मोजके जण बाकीच्यांशी एकेकट्याने बोलत होते, त्यातून तो आकडा हळूहळू शंभरापर्यंत गेला. शिबिर संपल्यावर कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट वाइल्डर आणि त्याचा सोबती जॉन फोरमन वर्षभर कॉलेजं पालथी घालत राहिले, आणि १८८८ मध्ये त्या चळवळीला रीतसर संघटनेचं रूप आलं. आजचं शिबिर पाच दिवसांचं, आवाहन एका रात्रीचं आणि पाठपुरावा म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप. नाव मात्र माउंट हर्मनचं घ्यायचं, हे बरोबर नाही.

अठराव्या शतकातली एक तुलना इथे फार उपयोगी पडते. जॉर्ज व्हाइटफिल्ड आणि जॉन वेस्ली एकाच काळात, एकाच देशात उघड्या मैदानावर उपदेश करत होते. वक्ता म्हणून व्हाइटफिल्ड सरस, असं त्या काळचे लोकच म्हणत. पण टिकाऊ समाज उभा राहिला तो वेस्लींच्या मागे, आणि त्याचं कारण एका कर्जात होतं. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडण्यासाठी दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं. सुमारे बारा जणांमागे एक जण नेमला, तो दर आठवड्याला घरोघर जाऊन पेनी आणू लागला. पेनी आणता आणता त्याला दिसलं की कोण पुन्हा दारूकडे वळलाय, कुणाचं घरात पटत नाही, कोण आजारी आहे. वेस्लींनी ही व्यवस्था उचलली आणि तिचा आत्मिक देखभालीसाठी उपयोग केला. मेथडिस्टांचे, म्हणजे वेस्लींच्या अनुयायांचे, ‘क्लास’ ते हेच. आपली माणसं वाळूच्या दोरासारखी झाली, अशी खंत व्हाइटफिल्ड यांनी पुढे बोलून दाखवल्याचं मेथडिस्ट परंपरेत सांगतात. दोघांच्या श्रोत्यांचे अश्रू सारखेच खरे होते. फरक पडला तो पुढच्या मंगळवारी कुणी दार ठोठावलं की नाही, यामुळे.

मग उपाय काय, आवाहन बंद करून नुसतं शिक्षण द्यायचं? १८४३ मध्ये अमेरिकन धर्मशास्त्री जॉन नेव्हिन यांनी जवळपास हेच सुचवलं होतं. उपदेशक चार्ल्स फिनी यांच्या सभांमुळे एक पद्धत रूढ झाली होती: पुढच्या रांगेत खास बाक ठेवायचा आणि ज्याच्या मनात खळबळ आहे त्याने सर्वांदेखत तिथे येऊन बसायचं. नेव्हिन यांनी त्या बाकावर कडाडून टीका केली आणि त्याच्या जागी प्रश्नोत्तरीचं, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून शिकवायच्या ख्रिस्ती धड्यांचं, शांत, वर्षानुवर्षांचं शिक्षण मागितलं. आजचे टीकाकार नकळत नेव्हिनचीच भाषा बोलतात. त्यांचं निदान मला पटतं, औषध अर्धंच पटतं. प्रश्नोत्तरी तोंडपाठ असलेली, दृढीकरण होऊन चर्चचे पूर्ण सभासद झालेली आणि विशीत चर्चकडे पाठ फिरवलेली मुलं कमी आहेत का? धडा डोक्यात राहतो, पण तो जगून दाखवणारं कुणी मुलाने जवळून पाहिलं नसेल तर तो डोक्यातच राहतो. शिबिराकडे इथे असं काही आहे जे रविवारच्या तासाभराला मिळत नाही: सलग दिवस.

त्या सलग दिवसांत श्रद्धा रुजते कुठे? बऱ्याचदा सभामंडपात नाही, भांडी घासण्याच्या जागी. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. आठ जणांचा एक गट घ्या, सोबत एक ताई किंवा दादा. त्यांच्याकडे एका जेवणाची साठ ताटं. तीन टब ओळीने मांडलेले: पहिल्यात साबणाचं गरम पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात जंतुनाशक घातलेलं पाणी. एक जण उष्टं खरवडतो, दोघे घासतात, दोघे विसळतात, एक जण तिसऱ्या पाण्यात बुडवून काढतो, दोघे ताटं पालथी मांडतात. तास-पाऊण तासाचं काम. हात गुंतलेले असतात, नजर ताटावर असते, कुणाच्या डोळ्यांत पाहून बोलायची सक्ती नसते. गटचर्चेच्या वर्तुळात तीन दिवस गप्प राहिलेला मुलगा इथे एकदम म्हणतो, ‘आजी बरी व्हावी म्हणून मी रोज प्रार्थना केली होती, तरी ती गेलीच.’ शास्त्राभ्यासात हे वाक्य सहसा निघत नाही, कारण तिथे त्यावर लगेच उत्तर दिलं जातं. इथे ताईच्या हातात पुढचं ताट असतं. ती घासत राहते, ऐकते, आणि जमलं तर विचारते, आजीचं नाव काय होतं. त्या मुलाला देवाविषयी त्या दुपारी जे कळतं, ते रात्रीच्या संदेशातून कळेलच असं नाही.

ही जागा बिघडवणंही सोपं असतं. बहुतेक शिबिरं ती तीन प्रकारे बिघडवतात. भांडी घासायला बाहेरची माणसं लावून मोकळा झालेला तास आणखी एका सत्राला देतात. किंवा भांडी ही शिक्षा करून टाकतात: उशिरा आलास, आज भांडी तुझी. आणि त्याच संध्याकाळी येशूने शिष्यांचे पाय धुतल्यावर संदेश देतात; मुलांच्या लक्षात कोणता धडा राहील हे सांगायला नको. तिसरा प्रकार गुणांचा. पाठ केलेल्या वचनाला दहा गुण, वेळेवर आल्यास पाच, उत्तम गटाला ढाल. गुण आले की अडखळत वाचणारा मुलगा गटाला ओझं वाटू लागतो, आणि ख्रिस्ती सहभागितेचा पायाच उखडतो. स्पर्धा खेळाच्या मैदानावर जरूर असावी. शास्त्रवचनांवर आणि प्रार्थनेवर नसावी.

गट पाडतानाही हेच भान लागतं. आधीच्या मित्रांना एकत्र ठेवलं तर ते आपल्यातच राहतात, आणि प्रत्येकाला पूर्ण अनोळखी गटात टाकलं तर घरी गेल्यावर त्या गटातलं कुणीच जवळ नसतं. एका मंडळीचे दोन-तीन जण आणि बाकीचे दुसऱ्या ठिकाणचे, हे मिश्रण सर्वांत टिकतं. गटप्रमुख गटातल्या मुलांपेक्षा निदान तीन-चार वर्षांनी मोठा असावा. सतरा वर्षांच्या मुलाने सोळा वर्षांच्यांना सांभाळायचं म्हटलं की तो एक तर त्यांच्यातलाच होतो किंवा हुकूम सोडत फिरतो. साधारण तिसऱ्या दिवशी गटात भांडण होतं. सुरुवातीचा शिष्टाचार संपलेला असतो, झोप कमी, कुणी कुणाची वस्तू न विचारता घेतलेली. अननुभवी आयोजक घाईघाईने गट बदलून देतात. तसं करू नये. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं आधी दोघांनीच बोलायचं, मग एकाला सोबत घ्यायचं, मग गटासमोर. ते भांडण मिटलं तर त्या आठ जणांना मंडळी म्हणजे काय हे प्रत्यक्ष समजतं. त्यासाठी वेळापत्रकात मोकळी दुपार असावी लागते. एरवी भांडण मिटवायलाही वेळ उरत नाही.

हे स्वप्नरंजन नाही, जगात असं चालतं. फ्रान्समधल्या तेझे या खेड्यात रॉजे शुट्झ १९४० मध्ये येऊन राहिले आणि पुढे तिथे एक बंधुसमाज उभा राहिला. कित्येक दशकं तिथे तरुण आठवड्याच्या मुक्कामाला येत आहेत. दिवसातून तीनदा प्रार्थना, प्रत्येक प्रार्थनेत काही मिनिटांची पूर्ण शांतता, साधी गाणी, आणि स्वयंपाक वाढण्यापासून स्वच्छतेपर्यंतची कामं तरुणांकडेच. शेवटच्या रात्री कुणाला पुढे बोलावून मोजत नाहीत. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या समाजाने आपल्या नावाची युवा चळवळ काढायचं जाणीवपूर्वक टाळलं. तरुणांना ते आपापल्या मंडळीत परत जा असं सांगतात. आणि तेझेचं नाव घेताना दुसरी गोष्ट लपवू नये: २०१९ मध्ये त्या समाजाने स्वतःहून जाहीर केलं, की पूर्वीच्या काळात आपल्या काही बंधूंकडून लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या आहेत, आणि ते प्रकरण त्यांनी सरकारी यंत्रणेकडे दिलं.

टीकाकारांचा सर्वांत जड मुद्दा इथेच येतो, आणि मी सहजीवनावर एवढा भर दिल्यामुळे त्याचं उत्तर देणं माझ्यावर जास्त बंधनकारक आहे. जवळीक हेच शिबिराचं बळ असेल तर त्याच जवळिकीच्या आडून शोषणही होतं. इंग्लंडमधल्या आयवर्न या ख्रिस्ती शिबिरांशी संबंधित न्यासाचा अध्यक्ष राहिलेला बॅरिस्टर जॉन स्माइथ याने त्या वर्तुळातल्या तरुणांना पावित्र्याच्या नावाखाली अमानुष मारहाण केली. १९८२ मध्ये त्यावर अंतर्गत अहवाल तयार झाला, पण पोलिसांना कळवलं गेलं नाही. स्माइथ झिंबाब्वेला गेला आणि तिथेही त्याने मुलांची शिबिरं चालवली, तिथेही अत्याचार केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा बळींची संख्या शंभरावर असल्याचं समोर आलं, आणि काही दिवसांतच चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांनी राजीनामा जाहीर केला. १९८२ मध्ये गप्प बसलेल्यांना काय वाटत होतं? प्रकरण बाहेर गेलं तर शिबिरांच्या चांगल्या कामाला धक्का बसेल. शेवटच्या रात्रीचे आकडे हेच ‘चांगलं काम’ मानलं की माणूस असा विचार करू लागतो. आकडे वाचवण्यासाठी मुलांचा बळी दिला जातो.

म्हणून नियम हवेत, आणि ते कागदावर राहता कामा नयेत. कोणत्याही मुलाशी बंद दाराआड एकट्याने बोलायचं नाही. खाजगी बोलायचं तर इतरांच्या नजरेच्या टप्प्यात, ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. झोपण्याच्या जागी नेहमी दोन जबाबदार प्रौढ. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निवासी शिबिरांच्या निकषांत ९ ते १४ वयासाठी आठ मुलांमागे एक आणि १५ ते १८ साठी दहांमागे एक कर्मचारी हे किमान प्रमाण आहे. तक्रार ऐकणारी व्यक्ती शिबिराच्या आयोजकांपैकी नसावी, तिचा फोन नंबर पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला द्यावा, आणि त्या नंबरावर केव्हाही फोन करता यावा. मुलांचे फोन जमा करणाऱ्या शिबिरावर तर ही जबाबदारी दुप्पट. ‘इथलं इथेच राहू द्या’ हे वाक्य शिबिरात उच्चारायलाच बंदी हवी. निवाऱ्याची जागाही याच हिशेबात येते. ४ जुलै २०२५च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वादालूपे नदीला पूर आला आणि कॅम्प मिस्टिक या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरात मुली आणि त्यांच्या मार्गदर्शक ताया मिळून २७ जणी दगावल्या. रात्री बाहेर पडायचं तर कोणत्या वाटेने, कुठे जमायचं, हजेरी कोण घेणार, याची तालीम पहिल्या रात्री अंधारातच करायला हवी. नियमांनी आपुलकी आटते असं कुणी म्हटलं, तर त्याने एकदा मुलांनाच विचारावं. ज्याला सुरक्षित वाटतं तोच मन मोकळं करतो.

आता मंडळीकडे येऊ. आयोजकांचं शेवटचं उत्तर असतं: आमचं शिबिर चांगलंच आहे, घरच्या मंडळ्या मरगळलेल्या आहेत, त्याला आम्ही काय करणार? या तक्रारीत तथ्य आहे. पण शिबिराहून परतल्यावर काय होतं ते बारकाईने पाहावं. घरी आल्यावर पहिले दोन दिवस मूल उत्साहात असतं. मग झोप भरून निघते, फोन हातात येतो, गट पांगलेला असतो, आणि रविवारी चर्चमध्ये ती गाणी कुणाला येत नसतात. उत्साह ओसरतो. ही शरीर-मनाची साधी, अपेक्षित गोष्ट आहे. पण मुलाला हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून ते दोनपैकी एक निष्कर्ष काढतं: देव शिबिरातच राहिला, किंवा मीच ढोंगी होतो. पहिला निष्कर्ष काढणारं मूल वर्षभर पुढच्या शिबिराची वाट पाहतं. दुसरा काढणारं परत येत नाही. शिबिर जितकं भारून टाकणारं, तितकी ही घसरण खोल, आणि तितकी घरची मंडळी फिकी. सुरुवातीला जो धोका म्हटलं तो हा.

शास्त्रात याची उत्तरं नाहीत असं नाही. येशूचं रूप तेजस्वी झालं त्या रूपांतराच्या डोंगरावर पेत्र या शिष्याला तिथेच तीन मंडप बांधायचे होते; दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले तर समोर एक आजारी मुलगा आणि त्याचा हताश बाप. एलिया या संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू आली ती त्याला तिथे थांबवायला नव्हती. आल्या वाटेने परत जा, अशी आज्ञा मिळाली, कामं मिळाली आणि अलीशा नावाचा सोबती मिळाला. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार मुली-स्त्रियांच्या आश्रमात, १९०५च्या जूनमध्ये जी जागृती झाली ती आजच्या कोणत्याही शिबिराच्या रात्रीपेक्षा कितीतरी जोरदार होती. पण त्या मुलींना परत जायला दुसरी जागा शोधावी लागली नाही. त्या तिथेच राहत होत्या, शिकत होत्या, राबत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून छापलं गेलं आणि १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झालं. जागृतीला रोजचं काम आणि रोजची माणसं मिळाली की ती अशी टिकते.

तेव्हा शिबिराची रचना उलटी करावी लागेल. गटप्रमुख शिबिर संस्थेने नेमण्याऐवजी मंडळ्यांनी पाठवावेत, म्हणजे ज्या ताईने भांडी घासताना आजीबद्दल ऐकलं तीच पुढच्या महिन्यात रविवारी भेटेल. शिबिराआधी त्या गटप्रमुखाने आपल्या मुलांना निदान दोनदा भेटावं, एकदा त्यांच्या घरी. आवाहन करायचं असेल तर ते शेवटच्या रात्रीऐवजी तिसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर झोप आणि न्याहारीनंतर, वाद्यांशिवाय करावं, आणि उत्तरासाठी चोवीस तास द्यावेत. चोवीस तासांत विरून जाणारा निर्णय चोवीस आठवडे टिकला नसताच. चौथ्या दिवशी एक सत्र फक्त घरी परतल्यावरच्या घसरणीवर. शेवटची रात्र उपकारस्तुतीची आणि लवकर झोपण्याची. शेवटची सकाळ जागा झाडून-पुसून देण्याची. शिबिरात बाप्तिस्मा देऊ नये. बाप्तिस्म्याने माणूस मंडळीचा अवयव होतो, तर तो मंडळीपुढे, कुटुंबाला कळवून व्हावा. ख्रिस्ती नसलेल्या घरातलं मूल येणार असेल तर इथे प्रार्थना आणि शास्त्राभ्यास असेल हे नोंदणी अर्जावर ठळक लिहून पालकांची सही घ्यावी. खेळांच्या आमिषाने बोलावून आत आल्यावर उपासनेला बसवणं हा अप्रामाणिकपणा आहे, आणि प्रभूच्या नावाने तर तो मुळीच करू नये.

परतल्यावर दहा दिवसांच्या आत गटाची पहिली भेट, मग तीन महिने पंधरवड्याला एक. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहॅम यांनीही आपल्या सभांच्या पाठपुराव्यासाठी १९५१ पासून नॅव्हिगेटर्स या ख्रिस्ती संस्थेच्या डॉसन ट्रॉटमन यांची मदत घेतली होती, कारण निर्णयपत्रिका भरून घेणं म्हणजे काम संपणं नाही हे त्यांना उमगलं होतं. मग शिबिराचा अहवाल सहा महिन्यांनी लिहावा, आणि त्यात तीनच आकडे असावेत: आलेल्यांपैकी किती जण मंडळीत नियमित आहेत, किती जणांना तिथे एखादं काम मिळालं आहे, आणि किती जणांना असं एक तरी मोठं माणूस आहे ज्याच्याकडे ते अडचणीत जातील.

यावर हिशेबाची हरकत येते. मंडळ्यांनी गटप्रमुख दिल्याशिवाय शिबिर नाही म्हटलं तर दोनशेच्या जागी ऐंशी मुलं येतील. येऊ देत. दोनशे मुलांचे पंचवीस गट, पंचवीस गटप्रमुख, आणि त्याशिवाय प्रत्येक झोपण्याच्या जागेसाठी लागणारे आणखी प्रौढ, एवढी ओळखीची आणि पारखलेली माणसं उभी करता येत नसतील, तर दोनशे मुलांची जबाबदारी घ्यायची आपली ताकद नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून अवघड हरकत एकट्या मुलाची आहे. ज्याच्या गावात मंडळीच नाही, किंवा जिला घरातून चर्चला जाऊ देत नाहीत, त्या मुलीला नाही म्हणायचं का? तिला नाही म्हणू नये, पण तिला एकटीला परत पाठवू नये. तिच्यासाठी प्रवासाच्या टप्प्यातली सर्वांत जवळची मंडळी शिबिराच्या आधीच गाठावी, तिथली एक प्रौढ स्त्री तिची गटप्रमुख म्हणून शिबिरात आणावी, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या फोनचे, भेटींचे वार शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्या दोघींनी बसून कॅलेंडरवर लिहावेत. अशी स्त्री मिळाली नाही, तर त्या वर्षी शिबिराच्या पैशांतून आधी तिचा शोध घ्यावा, मग तंबू भाड्याने घ्यावेत.